मुखजलदान

साखराबाई गेल्याचा सांगावा भिवराबाईला जनावरांच्या चारा छावणीत मिळाला. गाईपुढं सकाळची वैरण टाकून ती टँकरची वाट बघत बसली होती, तेवढ्यात शेजारच्या दावणीवरच्या, गावातल्याच जानकीबाईच्या मोबाईलवर दिंद्रुडहून फोन आला. साखराबाईचा लेक शहादेव बोलत होता. "मामी, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

साखराबाई भिवराबाईची नणंद. नवरा आश्रुबा गेल्यापासून सासरचं म्हणावं असं माणूस तेवढंच उरलं होतं. भिवराबाईनं गाय जानकीबाईच्या हवाली केली, पदर खोचला आणि केजच्या स्टँडवर आली. तिथून धारूरपर्यंत जीप, धारूरहून दुसरी जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं. मागच्या पावसाळ्यात बी मातीतच करपलं होतं आणि यंदाही आभाळ कोरडंच. जीपमधली माणसं ऊस नसल्यानं कारखाना यंदा पेटणार का नाही यावर बोलत होती. भिवराबाईच्या कानात काही शिरत नव्हतं. तिच्या मनात एकच विचार घोळत होता. आश्रुबा असता तर आज बहिणीचा विधी त्यानंच केला असता.

आश्रुबा बौद्धाचार्य होता. आसपासच्या गावांत बौद्धवाड्यात कुणी गेलं की पहिलं बोलावणं त्यालाच. रात्र बघितली नाही की ऊन बघितलं नाही. सायकलवर पांढरी पिशवी अडकवायची, पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्ती आणि बाबासाहेबांचा नि बुद्धाचा फोटो. त्रिसरण, पंचशील म्हणायचं, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे आणि परत यायचं. मयताच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. लोकांनी हातात काही कोंबलं तर म्हणायचा, "पोराच्या शाळंला लावा." आणि जुन्या रूढीचा त्याला भारी तिटकारा. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तिच्या तोंडात पाणी घालायला तांब्या आणला. आश्रुबानं त्याचा हात धरला. म्हणाला, "काका, हे आपण सोडलंय. जित्या माणसाला पाणी पाजा. मेल्यावर कशाची आली तहान?" म्हातारा महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. पण त्या दिवसापासून वाड्यात मयताच्या तोंडात कुणी पाणी घातलं नव्हतं.

दिंद्रुडला ती पोचली तेव्हा दुपार तापली होती. शहादेवच्या दारात पांढरा मांडव, मांडवात पांढऱ्या सदऱ्यातली माणसं, आणि रस्त्याच्या कडेला एक पांढरा टेम्पो. टेम्पो तिनं लांबूनच ओळखला. डाव्या दरवाजावर पोचा होता. तो गावच्या दूध संस्थेचा टेम्पो. एके काळी पहाटे त्याच्यात कॅन चढवताना ती स्वतः हात द्यायची.

दुष्काळानं जनावरं छावणीत गेली आणि संस्थेचं दूध आटलं. दूध तपासायचं मशीन झाकून ठेवायची पाळी आली. तेव्हा संस्थेचा सेक्रेटरी सुग्रीव यानं पोटनियम बदलून आणले. सुग्रीव भावकीतलाच, आश्रुबाच्या हाताखाली त्रिसरण शिकलेला. टेम्पोला पांढरा रंग दिला, बर्फाची पेटी बसवली आणि अंत्यविधीची सेवा सुरू केली. त्यात वाईट काय होतं? सभासदांच्या घरात चार पैसे येऊ लागले. गावातल्या बायांना पांढऱ्या चादरी शिवायचं काम मिळालं. भिवराबाईही सभासद. छावणीत बसून तिनंही चादरी शिवल्या होत्या. पण टेम्पो फिरायचा तो केज, धारूर, माजलगावच्या अंगानं. गावात कुणी गेलं तर जुन्या पद्धतीनं चार माणसं जमायची. त्यामुळं विधी कसा चालतो हे तिनं कधी डोळ्यानं बघितलं नव्हतं.

आत साखराबाई निजलेली होती. अंगावरच्या चादरीच्या शिवणीवरून भिवराबाईनं बोट फिरवलं. टाका तिचाच होता. नणंदेच्या अंगावर आपल्या हातची चादर आली, एवढं तरी झालं, असं तिला वाटलं. ती उशाशी बसली.

टेम्पोवरचा माणूस धर्मराज आत आला. पांढरा शर्ट, गळ्यात संस्थेचं कार्ड. तो शहादेवला हळू आवाजात विचारत होता, "मेणबत्त्या वासाच्या घ्यायच्या का साध्या? आणि सदरे अजून लागतील का, माणसं वाढलीत." तेव्हा कुठं भिवराबाईच्या ध्यानात आलं, की मांडवातल्या माणसांच्या अंगावरचे पांढरे सदरे एकाच मापाचे, एकाच कापडाचे होते. कुणाला आखूड, कुणाला ढगळ.

मग धर्मराजनं उशाशी ठेवलेल्या स्पीकरच्या पेटीचं बटण दाबलं.

आधी नुसती खरखर आली. मग कुणीतरी घसा खाकरला.

भिवराबाईनं पेटीकडं मान वळवली. संसारभर तिनं ते खाकरणं ऐकलं होतं. भल्या पहाटे, अंगणात, दार उघडायच्या आधी.

"सगळ्यांनी खाली बसा," आश्रुबा म्हणाला. "मागच्यांनीबी बसा."

मांडवातली सगळी माणसं खाली बसली. मागं उभी होती तीही बसली.

आवाज स्वच्छ होता. आजारपणातला होता, थोडा बसलेला, पण त्याचाच. त्रिसरण झालं, पंचशील झालं. प्रत्येक ओळीनंतर तो थांबत होता आणि माणसं मागून म्हणत होती. भिवराबाईचे ओठ हलत नव्हते. ती पेटीकडं बघत होती, जणू पेटीच्या मागून तो उठून येणार होता. मग तो म्हणाला, "आज आपण इथं जमलोत ते कालकथित…" आणि तिथं पेटीतूनच एका पोरीचा आवाज आला, शाळेत हजेरी घेतल्यासारखा, "साखराबाई." आणि परत आश्रुबा, "…यांना निरोप द्यायला."

सख्ख्या बहिणीचं नाव त्याच्या तोंडी नव्हतं. जन्मभर तो तिला आक्का म्हणत आला होता. आता तिच्या उशाशी तो बोलत होता आणि कोण मेलंय हे त्याला ठाऊक नव्हतं.

तिला वाटलं, उठून पेटी बंद करावी. तेवढ्यात आश्रुबाला खोकला आला. एकदा, दोनदा, कोरडा. माणसं सावरून बसली, जशी एखाद्या मोठ्या क्षणाची वाट बघत असावीत. धर्मराजनं पिशवीतून एक बाटली काढली. छोटी, सीलबंद, चिठ्ठीवर पिंपळाचं पान आणि खाली छापलेलं मुखजलदान. ती त्यानं शहादेवच्या हातात दिली.

"पाणी दे," आश्रुबा म्हणाला.

शहादेवनं सील तोडलं. आईच्या ओठावर बाटली धरली. आणि पेटीतून बाईचा आवाज आला, "घ्या. हळू प्या."

मांडवातल्या बायांनी हात जोडले आणि एका सुरात म्हटलं, "घ्या. हळू प्या."

तो आवाज भिवराबाईचा होता.

तिला सगळं आठवलं, अगदी कालचं असल्यासारखं. आश्रुबा अंथरुणाला खिळला होता. सुग्रीव मोबाईल घेऊन आला, म्हणाला, "तात्या, तुमी एकदा सगळा विधी म्हणा, पोरांना शिकायला होईल." आश्रुबाला आनंद झाला होता. भिंतीला उशी लावून तो बसला, दम लागत होता तरी बोलत राहिला. मधेच ढास लागली. त्यानं पाणी मागितलं. ती पेला घेऊन धावली. एवढंच झालं होतं. एका आजारी माणसाला तहान लागली होती.

साखराबाईच्या तोंडातून पाणी ओघळून उशीत मुरत होतं. ते कुणी पुसलं नाही. भिवराबाईनं पदरानं पुसलं.

मसणवट्यातून सगळे परत आले तरी तिच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. मांडवात धर्मराज पोतं घेऊन फिरत होता आणि माणसं पांढरे सदरे उतरवून पोत्यात टाकत होती. आतून कुणाचा लाल शर्ट निघाला, कुणाचा निळा. शहादेव तिच्याजवळ येऊन बसला.

"मामी, तुमी रडल्याबी न्हाईत."

"तो आवाज तुझ्या मामाचा व्हता, शहादेव."

"माहीत हाय की." तो थोडा चकितच झाला. "आईनंच सांगून ठेवलं होतं. शेजारी एका मयतीला ऐकलं तिनं, तवापासून म्हणायची, मला माझ्या भावाच्या आवाजातच लावा. मला शेवटचं पाणी भाऊच मागंल. लई समाधान होतं तिला."

या पोराला काय सांगायचं? त्याच्या आईचं समाधान खोटं होतं म्हणून? तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चूल पेटवायला उठली.

दुसऱ्या दिवशी ती छावणीत गेलीच नाही. केजला उतरली आणि तिथून सरळ गावातल्या संस्थेच्या ऑफिसात गेली. फॅट तपासायचं मशीन कोपऱ्यात कापडाखाली झाकलेलं होतं. भिंतीशी त्या पिंपळपानाच्या बाटल्यांची खोकी छतापर्यंत रचलेली. सुग्रीव टेबलामागून उठून उभा राहिला.

"जयभीम काकी. आत्याबाईचं कळलं. मी येणारच होतो, पण बँकेत काम निघालं."

"खाली बस," भिवराबाई म्हणाली. "त्यांचा आवाज तू विकायलास."

सुग्रीव बसला. त्यानं नाही म्हटलं नाही. नाही म्हणाला असता तर तिला भांडता आलं असतं.

"काकी, तुमीच सांगा. दसरा झाला की माणसं कर्नाटकात ऊस तोडायला जातात. गावात म्हातारी आणि लेकरं. मागच्या साली धारूरकडं एका वस्तीवर म्हातारी मेली, दिवसभर पडून राहिली. त्रिसरण म्हणायला माणूस न्हाई. शेवटी एका पोरीनं पुस्तक बघून कसंबसं म्हटलं. तवा मला तात्याचा आवाज आठवला. पुढच्या मयतीला मी तो लावला. लोक रडले, काकी. तात्या परत आले म्हणले."

"मंग पाणी?"

सुग्रीवनं मान खाली घातली. "ते मी कापलं होतं."

"कापलं होतंस?"

"आधी राहून गेलं. पहिल्या एक-दोन ठिकाणी तसंच वाजलं. तात्यानं पाणी मागितलं की कुणीतरी उठून मयताच्या तोंडात पाणी घातलं. पाचव्या दिवशी आपण जलदान करतोच ना, लोकांना वाटलं हे त्यातलंच. मला कळलं तसं मी तेवढं काढून टाकलं. तर लोक भांडायला आले. म्हणले, त्यांच्या मयताला पाणी मिळालं, आमच्या का न्हाई? विधी अर्धा केला म्हणले. परत घालावं लागलं." तो बाटल्यांच्या खोक्यांकडं न बघता बोलत होता. "मग लोक टँकरचं गढूळ पाणी आणायला लागले. म्हणलं, त्यापरीस आपण चांगलं द्यावं."

"आणि नाव?"

"नाव काहीतरी द्यावंच लागतं, काकी."

भिवराबाईला वाटलं होतं, इथं एखादा चोर भेटेल. समोर बसलेलं पोर तिच्या ताटात जेवलेलं होतं. एक एक पायरी करत ते इथवर आलं होतं आणि प्रत्येक पायरी त्याला बरोबरच वाटली होती.

"सुग्रीव," ती म्हणाली, "त्यांना तहान लागली व्हती."

"मला माहीत हाय, काकी. मी तिथंच बसलो होतो."

"मंग हे लोकांना का म्हून सांगितलं न्हाईस?"

सुग्रीवनं टेबलावरचं रजिस्टर पुढं ओढलं. तो म्हणाला, "सभा हाय पुढच्या आठवड्यात. तुमी सभासद हाईत. सभेनं ठरवलं तर मी उद्या बंद करतो."

सभा गावच्या विहारात भरली. पंखा फिरत नव्हता, लाईट गेली होती. बहुतेक बायाच होत्या, चादरी शिवणाऱ्या. पुरुष होते ते टेम्पोवरचे नाहीतर ज्यांच्यानं आता कोयता उचलत नाही ते. अहवाल वाचून झाला तशी भिवराबाई उभी राहिली. माणसांपुढं बोलायची तिला सवय नव्हती. तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि जे झालं होतं ते सांगितलं. उशी, खोकला, पेला. बाकी काही जोडलं नाही.

मग मागून एक बाई बोलली. वसंताची बायको केसरबाई. तिचा नवरा उन्हाळ्याच्या तोंडाला केजच्या दवाखान्यात वारला होता आणि तिकडूनच टेम्पोनं मसणवट्यात नेला होता. "म्या त्यांच्या तोंडात पाणी घातलं," ती म्हणाली. "हाताला धरून लेकराकूनबी घालून घेतलं. आता तू सांगतीस की ते काईच नव्हतं? मंग आता म्या काय समजायचं, भिवरे?" तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांत राग होता, आणि तो राग सुग्रीववर नव्हता.

जानकीबाई मधे पडली. "आश्रुबाभाऊनी जन्मभर जे नको म्हणलं, तेच आपण त्यांच्या तोंडून करून घेतो. हे बरं न्हाई. माझं मत आवाज बंद करायचं हाय." तिनं हात वर केला. थोडा वेळ तो एकटाच हात वर होता. मग एक एक करून बाकीचे वर गेले. केसरबाईनं हात वर केला नाही, पण ती बाहेरही गेली नाही. सुग्रीवनं ठराव लिहून घेतला, मोठ्यानं वाचून दाखवला. कालकथित आश्रुबा यांच्या स्मृतीचा मान राखून त्यांचा आवाज यापुढं संस्थेच्या कामी वापरला जाणार नाही. वाचताना तो दोनदा अडखळला, आणि ते नाटक नव्हतं.

त्या रात्री भिवराबाई छावणीत गाईजवळ गाढ झोपली.

पाऊस पडला तो पोळ्याला, तोही शिंतोडे उडवून गेला. छावणी उठली. ज्यांची जनावरं वाचली त्यांनी ती घरी आणली. दसरा झाला, मुकादम ऊसतोडीची आगाऊ उचल वाटून गेले, गाड्या भरून माणसं निघाली आणि वाडा रिकामा झाला. अशातच एका सकाळी जानकीबाईचा नवरा बसल्या जागी कलंडला. दोन्ही लेक कोयत्यावर, एक सांगलीकडं, एक बेळगावच्या पुढं. येईपर्यंत वेळ लागणार म्हणून बर्फाची पेटी हवी होती. गावात पहिल्यांदाच संस्थेचा टेम्पो मयतीला आला. सुग्रीव स्वतः आला होता.

भिवराबाई सकाळपासून जानकीबाईच्या अंगाला अंग लावून बसली होती. लेक आले, आंघोळ झाली, पांढरं वस्त्र झालं. सुग्रीवनं स्पीकरची पेटी उशाशी आणून ठेवली. भिवराबाईनं त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "काकी, तात्या न्हाईत. ठरावाप्रमाणं नवीन केलंय."

नवा आवाज मोठा, भरदार होता. "सर्वांनी कृपया बसून घ्यावे," तो म्हणाला. मागं कुठंतरी बासरी वाजत होती. त्रिसरण शुद्ध होतं, पंचशील शुद्ध होतं. भिवराबाईनं पण मागून म्हटलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून ते शब्द सरळ निघाले. असं असेल तर असू द्यावं, तिला वाटलं. माणसं नसतील तर पेटी तर पेटी.

मग बासरी थांबली. आणि तो भरदार आवाज खोकला. एकदा. दोनदा. कोरडा.

"पाणी द्या," तो म्हणाला.

शेजारी सील तुटल्याचा आवाज आला. बाटली जानकीबाईच्या हातात होती. भिवराबाईनं तिचं मनगट धरलं.

"घ्या," पेटीतली बाई म्हणाली. तिचा आवाज गोड, रेडिओवरच्या बाईसारखा. "हळू प्या."

"हात सोड, भिवरे," जानकीबाई पुटपुटली. "लोक बघायलेत."

"जानके, तूच तर पहिला हात वर केला व्हतास."

"तवा माझा माणूस जिता व्हता," जानकीबाई म्हणाली.

भिवराबाईनं हात सोडला. बायांनी हात जोडले, त्यांत केसरबाईही होती, आणि सगळ्या म्हणाल्या ते शब्द. पाणी जानकीबाईच्या नवऱ्याच्या पांढऱ्या मिशांतून हनुवटीवर उतरलं.

तिरडी उठली. बायाही खांदा द्यायला पुढं झाल्या, वाड्यात तशी रीत होती. भिवराबाईनं खांदा दिला, थोडं चालली आणि दुसरीला जागा दिली. सुग्रीव बाजूनं चालत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"खोकला कुणाचा हाय?"

"औरंगाबादच्या कलाकाराचा. नाटकात काम करतो." तो तिच्याकडं बघत नव्हता. "पाण्याशिवाय लोक विधी घेईनात, काकी. आणि नुसतं पाणी म्हणलं तर जमेना, खरं वाटेना. म्हणून तात्याचं ऐकवलं त्याला. त्यानं दहादा ऐकलं, मग तसंच केलं. लई अभ्यास केला त्यानं." बोलता बोलता त्यालाच कळल्यासारखं झालं, की तात्याची तहान अजून पेटीतच होती, आणि तो थांबला. पण मागून माणसं येत होती, त्याला पुढं जावं लागलं.

भिवराबाई वाटेच्या कडेला उभी राहिली. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेली, मापाबाहेरच्या पांढऱ्या सदऱ्यातली, शेवटी रिकामा टेम्पोही गेला. सगळे लांब गेल्यावरही ती तिथंच उभी होती.